आभासी संगणक : जालजोडणीतील दोषशोधन

एका भौतिक संगणकावर विशिष्ट आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण केलेला आणि स्वतःचा प्रक्रियक, स्मृती, तबकडी व नेटवर्क कार्ड असल्याप्रमाणे वागणारा संगणक म्हणजे आभासी संगणक होय. ज्या भौतिक संगणकावर तो चालतो त्यास यजमान संगणक आणि आभासी संगणकास अतिथी संगणक म्हणतात. या दोहोंमध्ये राहून साधनसामग्रीची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीस पर्यवेक्षक किंवा हायपरव्हायजर अशी संज्ञा आहे. अतिथी संगणकाचा इतर संगणकांशी असलेला संपर्क खंडित होणे हा अशा व्यवस्थेत वारंवार आढळणारा दोष आहे. दोष नेमका कोठे आहे हे क्रमवार परीक्षणाने ठरविणे व तो दूर करणे, यास जालजोडणीतील दोषशोधन म्हणतात.

बँका, रुग्णालये, विद्यापीठे व शासकीय कार्यालये यांच्या कित्येक सेवा आज आभासी संगणकांवर चालतात. एका यजमानावर अनेक अतिथी असल्यामुळे यजमानातील एका चुकीच्या नोंदीने त्या सर्वांचा संपर्क एकाच वेळी तुटू शकतो. याउलट, घाईघाईने केलेल्या उपायाने संपर्क पूर्ववत् होतो, परंतु त्याबरोबर संरक्षणव्यवस्थाही नाहीशी होते व ही गोष्ट पुष्कळदा दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून दोष दूर होणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे कारण निश्चित होणेही महत्त्वाचे मानले जाते.

इतिहास : आभासी संगणकाची कल्पना आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्रात १९६४ नंतरच्या काळात विकसित झाली. तेथील सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यापासून पुढे व्हीएम/३७० ही प्रणाली तयार होऊन १९७२ मध्ये ती बाजारात जाहीर करण्यात आली. एखाद्या संगणकाचे आभासीकरण करता येण्यासाठी त्याच्या रचनेत कोणते गुणधर्म असावे लागतात, याचे तात्त्विक विवेचन जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये केले. वैयक्तिक संगणकांवर ही पद्धती रुजली ती मात्र १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीची वर्कस्टेशन ही आज्ञावली आल्यानंतर. झेन (२००३), केव्हीएम व व्हर्च्युअलबॉक्स (दोन्ही २००७) आणि हायपर-व्ही (२००८) या पर्यवेक्षकांनी तिचा प्रसार केला.

प्रारंभीच्या काळात आभासी संगणक मुख्यत्वे एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांना वाटून देण्यासाठी वापरले जात. पुढे प्रत्येक आभासी संगणकास जालावरील स्वतंत्र घटकाचे स्थान मिळाले आणि त्यासाठी स्विच, केबल व राउटर यांचीही आभासी रूपे तयार करावी लागली. प्रस्तुत दोषांचा उगम याच टप्प्यात आहे.

जोडणीचे स्वरूप : संगणक जालावर माहिती पॅकेट नावाच्या लहान लहान भागांत विभागून पाठविली जाते. अतिथी संगणकाने पाठविलेले पॅकेट प्रथम त्याच्या आभासी नेटवर्क कार्डात, तेथून यजमानाच्या स्मृतीतील आभासी स्विचमध्ये, नंतर यजमानाच्या प्रचालन प्रणालीतील नियमांच्या चाळणीतून भौतिक नेटवर्क कार्डात आणि अखेरीस खऱ्या केबलमध्ये किंवा बिनतारी जालात जाते. उत्तराचे पॅकेट याच मार्गाने उलट दिशेने येते. भौतिक संगणकात केबल निसटल्यास ती डोळ्यांना दिसते व कार्डावरील दिवाही विझतो. आभासी संगणकाच्या मार्गाचा बराचसा भाग केवळ आज्ञावलीच्या रूपात असल्यामुळे अशी प्रत्यक्ष खूण मिळत नाही. अतिथीच्या पडद्यावर जोडणी चालू असल्याचे चिन्ह दिसले, तरी त्यावरून अतिथी आभासी स्विचला जोडलेला आहे एवढेच सिद्ध होते; स्विचच्या पुढील मार्गाविषयी त्यावरून काहीही समजत नाही.

अतिथी संगणक जालास जोडण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. (१) पत्तारूपांतर किंवा नॅट : या पद्धतीत अतिथीस खाजगी पत्ता मिळतो व त्याची पॅकेटे यजमानाच्या पत्त्याने बाहेर जातात. (२) सेतुजोडणी : यात अतिथी जणू यजमानाशेजारी ठेवलेला स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे बाहेरील जालात सामील होतो व तेथूनच पत्ता मिळवितो. (३) यजमानसीमित जोडणी : यात अतिथी व यजमान यांच्यातच संपर्क असतो, बाहेर जाण्याचा मार्ग नसतो.

या पद्धतींचे गुणधर्म ठाऊक नसल्यास, मुळात दोष नसलेल्या गोष्टी दोष वाटतात. उदा., व्हर्च्युअलबॉक्समधील साध्या नॅट पद्धतीत अतिथीस सामान्यतः १०.०.२.१५ हा पत्ता व १०.०.२.२ हे प्रवेशद्वार मिळते. एकाच यजमानावरील दोन अतिथींचे पत्ते तंतोतंत सारखे दिसल्याने पत्त्यांचा संघर्ष झाला असावा असा समज होतो. वस्तुतः तेथे प्रत्येक अतिथीचे जाल संपूर्णपणे अलग असते. म्हणून संघर्ष होत नाही आणि त्याच कारणाने त्या दोघांमध्ये परस्परसंपर्कही होत नाही. तसेच नॅटमागील अतिथी स्वतः बाहेर संपर्क साधू शकतो, परंतु बाहेरच्यास आपण होऊन त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. त्यासाठी यजमानाच्या एखाद्या पोर्टवर आलेली पॅकेटे अतिथीकडे वळविण्याची नोंद करावी लागते किंवा सेतुजोडणी स्वीकारावी लागते. यजमानसीमित जोडणीतून महाजालाशी, म्हणजे इंटरनेटशी, संपर्क न होणे हाही दोष नसून त्या पद्धतीचा हेतूच आहे. दोषशोधनाच्या आरंभी कोणती पद्धती निवडलेली आहे व तीपासून काय अपेक्षित आहे हे पाहणे यामुळेच आवश्यक ठरते.

दोषशोधनाचे तत्त्व : पॅकेटाचा मार्ग ही एक साखळी आहे असे मानून ते कोणत्या कडीपर्यंत पोहोचते व कोणत्या कडीनंतर नाहीसे होते हे निश्चित करणे, हे दोषशोधनाचे मूलतत्त्व आहे. त्यासाठी संपर्काची कसोटी जवळून दूर अशा क्रमाने घेतात : प्रथम अतिथीचे स्वतःचे कार्ड व पत्ता, मग यजमान, त्यानंतर प्रवेशद्वार, पुढे बाहेरील एखादा अंकात्मक पत्ता आणि शेवटी नावाने ओळखला जाणारा संगणक. एका वेळी एकच नोंद बदलावी व बदल निष्फळ ठरल्यास ती पूर्ववत् करावी, असा नियम पाळला जातो. अनेक बदल एकत्र केल्यास दोष गेला तरी कारण कळत नाही आणि अनावश्यक बदल तसेच राहून पुढील दोषांचे बीज ठरतात. दोष एकाच अतिथीत आहे, एका यजमानावरील सर्व अतिथींत आहे की यजमानातही आहे, ही तुलना सुरुवातीसच केल्यास शोधाचे क्षेत्र पुष्कळ कमी होते.

कार्ड व चालक आज्ञावली : पर्यवेक्षकाच्या मांडणीत आभासी केबल जोडलेली आहे ना आणि कार्ड अपेक्षित स्विचलाच जोडलेले आहे ना, हे प्रथम पाहतात. एका यजमानाला अनेक भौतिक कार्डे असल्यास सेतू चुकीच्या कार्डाशी बांधला जाण्याचा संभव असतो. केबल व बिनतारी अशा दोन्ही सोयी असलेल्या उचल संगणकात, म्हणजे लॅपटॉपमध्ये, हा प्रकार विशेष आढळतो. केव्हीएममध्ये वापरले जाणारे व्हर्टिओ हे कार्ड कोणत्याही खऱ्या कार्डाची नक्कल नसल्यामुळे त्याची चालक आज्ञावली विंडोज प्रणालीत मुळातून नसते. ती स्वतंत्रपणे बसवेपर्यंत अतिथीस कार्डच दिसत नाही.

अतिथी संगणकाची प्रत काढल्यानंतर उद्‍भवणारे दोष याच वर्गात येतात. प्रत्येक कार्डास ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. आभासी कार्डांसाठी पर्यवेक्षकांनी ठराविक आरंभअंक ठेवलेले आहेत. व्हर्च्युअलबॉक्सचे पत्ते ०८-००-२७ने, केव्हीएमचे ५२-५४-००ने, तर हायपर-व्हीचे ००-१५-५डीने सुरू होतात. प्रत काढताना मॅक पत्ता तोच राहिल्यास व दोन्ही अतिथी एकाच जालात चालू असल्यास स्विच पॅकेटे कधी एकाकडे, तर कधी दुसऱ्याकडे पाठवितो आणि दोघांचाही संपर्क अधूनमधून तुटतो. मॅक पत्ता बदलल्यास निराळी अडचण येते. काही जुन्या लिनक्स प्रणाली कार्डाचे नाव मॅक पत्त्याशी बांधून ठेवीत. त्यामुळे नव्या प्रतीत पहिल्या कार्डाचे नाव दुसऱ्या क्रमांकाचे होई व पहिल्या नावाने केलेली मांडणी निरुपयोगी ठरे. अलीकडच्या काही लिनक्स प्रणाली पत्ता मागताना यंत्राची अंतर्गत ओळखसंख्या वापरतात. ती प्रतीबरोबर जशीच्या तशी आल्यास, मॅक पत्ते भिन्न असूनही दोन अतिथींना एकच आयपी पत्ता मिळू शकतो.

आयपी पत्ता : बहुतेक जालांत डीएचसीपी या पद्धतीने पत्ते आपोआप दिले जातात. अतिथीस १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळाला असल्यास, त्याने पत्ता मागितला पण कोणाचेही उत्तर आले नाही व म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ होतो. ही खूण उपयुक्त आहे, कारण कार्ड व चालक आज्ञावली ठीक असून दोष त्यांच्या पुढे आहे असे तिच्यावरून बहुधा अनुमान करता येते. पत्ता मिळूनही संपर्क होत नसल्यास दोन जालांचे पत्ते एकमेकांवर आलेले नाहीत ना, हे तपासतात. केव्हीएमच्या नेहमीच्या मांडणीत १९२.१६८.१२२ने सुरू होणारे पत्ते वापरले जातात. अतिथीच्या आतच दुसरा पर्यवेक्षक बसवून तेथेही हेच पत्ते वापरल्यास, बाहेरच्या प्रवेशद्वाराचा पत्ता आतल्याच जालात आहे असे अतिथी समजतो आणि पॅकेट बाहेर पडतच नाही.

प्रवेशद्वार व यजमानातील चाळणी : एकाच जालातील संगणकाचा मॅक पत्ता शोधण्यासाठी १९८२ मध्ये प्रमाणित झालेली एआरपी ही विचारणा वापरतात. प्रवेशद्वाराचा मॅक पत्ता अतिथीच्या नोंदीत आला असेल, तर आभासी स्विचमधून प्रवेशद्वारापर्यंतचा मार्ग अखंड आहे असे ठरते. त्यानंतर पिंग या आज्ञेने प्रतिसाद पाहतात. १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेली ही आज्ञा सोपी असली, तरी तिच्या मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. पुष्कळ संगणक पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत आणि क्यूएमूच्या साध्या नॅट पद्धतीत विशेष परवानगीशिवाय पिंग बाहेर जात नाही. सबब पिंगला उत्तर आले तर मार्ग चालू आहे हे सिद्ध होते, परंतु उत्तर न येण्यावरून मार्ग बंद आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

नॅट पद्धतीचा एक प्रकार यजमानाच्या प्रचालन प्रणालीतूनच पॅकेटे पुढे पाठवितो. त्यासाठी यजमानात पॅकेटे पुढे पाठविण्याची परवानगी देणारी नोंद चालू असावी लागते. ती बंद असल्यास अतिथी यजमानापर्यंत पोहोचतो, पण त्यापलीकडे जाऊ शकत नाही. फायरवॉल म्हणजे अनिष्ट पॅकेटे अडविणारी नियमावली अतिथीत, यजमानात व बाहेरील राउटरमध्ये अशी तीन ठिकाणी असू शकते. मेघसेवेत म्हणजे क्लाउडमध्ये भाड्याने घेतलेल्या आभासी संगणकांच्या बाबतीत तर ती सेवादात्याच्या व्यवस्थेत, अतिथीच्या पूर्णपणे बाहेर असते व ग्राहकास यजमान पाहता येत नाही. तेथे अतिथीची फायरवॉल कितीही तपासली तरी दोष सापडत नाही.

निदानाचे उदाहरण : यजमानातील चाळणीचे कार्य पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका लिनक्स यजमानावर केव्हीएमचे काही अतिथी सेतुजोडणीने, कायम नेमून दिलेल्या पत्त्यांवर चालू आहेत. यजमानावर डॉकर ही आज्ञावली बसविल्यावर सर्व अतिथींचा बाहेरील संपर्क तुटतो. यजमानाचा स्वतःचा संपर्क मात्र उत्तम असतो. त्यामुळे केबल, भौतिक कार्ड व राउटर निर्दोष ठरतात. अतिथी यजमानाशी बोलू शकतो. म्हणजे आभासी कार्ड व सेतू यांतही दोष नाही. प्रवेशद्वाराचा मॅक पत्ता अतिथीस मिळतो, तरीही प्रवेशद्वाराकडून पिंगचे उत्तर येत नाही. एआरपीची पॅकेटे सेतू ओलांडतात पण आयपीची ओलांडत नाहीत, या भेदावरून दोष तारेत नसून आयपी पॅकेटे पारखणाऱ्या नियमावलीत आहे हे उघड होते. यजमानावर टीसीपीडम्प या आज्ञेने निरीक्षण केल्यास अतिथीच्या बाजूच्या कार्डावर पॅकेट दिसते, भौतिक कार्डावर दिसत नाही व अनुमानास पुष्टी मिळते. कारण असे की, २०१७ मध्ये आलेल्या १.१३ या आवृत्तीपासून डॉकर यजमानातून पुढे जाणारी पॅकेटे मूलतः अडविण्याचे धोरण ठेवते. सेतूवरील पॅकेटेही याच नियमावलीतून नेण्याची लिनक्समधील सोय कार्यान्वित असल्यास, ज्यांचा डॉकरशी काही संबंध नाही अशा अतिथींनाही हे धोरण लागू होते. येथे संपूर्ण धोरणच मोकळे करणे हा झटपट उपाय असला, तरी त्यामुळे यजमानावरील इतर सेवाही उघड्या पडतात. त्या विशिष्ट सेतूवरील पॅकेटांना परवानगी देणारा एक नियम जोडणे हा योग्य उपाय होय.

नामशोध : अंकात्मक पत्त्याने संपर्क होतो पण नावाने होत नाही, अशा वेळी दोष डीएनएस या नामशोधक सेवेत असतो. यजमान उचल संगणक असून तो घरातून कार्यालयात नेल्यास किंवा त्यावर खाजगी आभासी जाल म्हणजे व्हीपीएन चालू केल्यास यजमानाची नामसेवा बदलते, अतिथी मात्र जुन्याच नामसेवेकडे विचारणा करीत राहतो. अतिथीस पत्ता नव्याने मागावयास लावल्यास हा दोष सहसा जातो.

पॅकेटाचा आकार : काही दोषांत लहान पॅकेटे पोहोचतात व मोठी नाहीशी होतात. पिंगला उत्तर येते, दूरस्थ संगणकाशी संपर्कही प्रस्थापित होतो, परंतु मोठी फाइल पाठविताच सर्व काही थांबते. ईथरनेटवरील पॅकेटाची नेहमीची कमाल मर्यादा १,५०० बाइट असते. अनेक यजमानांवर पसरलेल्या आभासी जालांसाठी व्हीएक्सलॅन ही पद्धती वापरतात (२०१४ मध्ये प्रसिद्ध). तीत अतिथीचे पॅकेट दुसऱ्या पॅकेटाच्या आवरणात घालून पाठविले जाते व आवरणासाठी ५० बाइट खर्च होतात. त्यामुळे भौतिक जालाची मर्यादा १,५०० असल्यास अतिथीसाठी १,४५०च उरतात. पॅकेटाचे तुकडे करू नयेत अशी सूचना देऊन पिंगमध्ये १,४७२ बाइट मजकूर पाठविल्यास शीर्षभागाच्या २८ बाइटांसह पूर्ण १,५०० बाइटांचे पॅकेट होते. ते पोहोचत नसून १,४२२ बाइट मजकुराचे पोहोचत असेल, तर निदान निश्चित होते. अतिथीची मर्यादा कमी करणे किंवा भौतिक जालाची वाढविणे हे त्यावरील उपाय होत.

विशेष परिस्थिती : बिनतारी जालावर सेतुजोडणी पुष्कळदा अयशस्वी होते. बिनतारी जालाचे केंद्र त्याच्याकडे नोंदलेल्या मॅक पत्त्याचीच पॅकेटे स्वीकारते. अतिथीचा मॅक पत्ता त्यास अपरिचित असतो. काही पर्यवेक्षक मॅक पत्ता बदलून यावर मात करतात. जेथे ती सोय नसेल तेथे नॅट वापरणे इष्ट असते. भौतिक स्विचच्या एका पोर्टवर एकाच मॅक पत्त्यास परवानगी असल्यास हाच परिणाम होतो. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेले जालाचे विभाग वापरात असल्यास, अतिथीच्या विभागाचा क्रमांक भौतिक स्विचच्या त्या पोर्टवरही मान्य असावा लागतो. अन्यथा एका यजमानावर सुरळीत चालणारा अतिथी दुसऱ्या यजमानावर हलविताच मूक होतो. पॅकेटांचे निरीक्षण करतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : अतिथीतून निघालेल्या पॅकेटांची पडताळणी बेरीज चुकीची दिसू शकते. ती बेरीज करण्याचे काम पुढील कार्डाकडे सोपविलेले असल्यामुळे निरीक्षणाच्या क्षणी ती झालेली नसते. हा सामान्यतः दोष नव्हे.

दक्षता : फायरवॉल पूर्णपणे बंद करून पाहणे ही दोषशोधनातील सर्वत्र रूढ असलेली, परंतु धोक्याची सवय आहे. ही कसोटी घ्यावयाचीच असल्यास बाहेरील जालापासून अलग केलेल्या अतिथीवर व अल्पकाळच घ्यावी आणि नियमावली लगेच पूर्ववत् करावी. संपर्क ठीक असताना पत्ते, मार्ग, सेतू व नियम यांची नोंद करून ठेवल्यास दोष उद्‍भवल्यावर तुलना करता येते. बहुसंख्य प्रसंगी काय बदलले एवढे कळले की कारण सापडते. पर्यवेक्षकाच्या मदतीने अतिथीची जुनी स्थिती पुन्हा आणणे सोपे असल्यामुळे दोषाचे कारण न शोधता तोच मार्ग पत्करण्याचा मोह होतो. तथापि जुनी स्थिती फक्त अतिथीची परत येते. यजमान, स्विच व राउटर आहेत तसेच राहतात. दोष त्यांच्यात असल्यास संपर्क सुरू होत नाहीच, शिवाय अतिथीत मधल्या काळात साठलेली माहिती मात्र कायमची गमावली जाते.